पलीकडच्या काठावरील पक्ष्यांबाबत

प्रति,
मे. मामलेदारसाहेब,
तालुका शहापूर, जिल्हा ठाणे

विषय : एक दुर्बीण, धुण्याचा दगड, म्हशाच्या बाजारातला खोंड, परत आलेले लुगडे, आणि त्यावरून, अर्जदार पक्षीच पाहतो असा सरकारी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदारास निर्दोष ठरवणारा पंचनामा.

साहेबांच्या सेवेशी,

१. अर्जदार सावळाराम धाकलू भोईर हा शहापुरी शाळामास्तर आहे. लढाईपूर्वी तो सुट्टीत कल्याणच्या खाडीवर कुरव पक्षी पाहावयास जाई. खाडीवर पहारा बसल्यापासून तो तानशाच्या तलावावर जातो. तेथे हिवाळ्यात थोडे कुरव आणि पुष्कळ तुतवार व लांब पायांचे शेकाटे उतरतात. हे पक्षी उथळ चिखलात चरतात. बायांचे धुण्याचे दगडही उथळ काठालाच आहेत. पुरुष दिसला की पक्षी उडतात. बायांना भीत नाहीत. यात अर्जदाराचा काही हात नाही.

२. मुंबईस पाणी देणाऱ्या या तलावाच्या धरणावरील पहारेकरी नवशा याने वर्दी दिली की, "मास्तर मुंबैच्या पान्याला नळी लावून बसतो." एक फौजदारसाहेब जातीने आले. पक्षी उडून गेल्यावर त्यांनी अर्जदाराच्या दुर्बिणीतून बराच वेळ पाहिले, व पंचनामा केला की, सदर इसमाचा रोख धरणाकडे नसून पलीकडे बाया धुणे धुतात त्या काठाकडे आहे. सबब हेरगिरीचा संशय राहत नाही. अर्जदाराने आनंदाने सही केली.

३. मुरबाडकडील कुंडलिकराव यांची कन्या सुंदरा हिच्याशी अर्जदाराचा साखरपुडा झाला होता. हेर म्हणून झालेला बोभाटा पुसावा, या हेतूने अर्जदार पंचनाम्याची नक्कल घेऊन म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत गेला. सासरे खोंडाच्या सौद्यात होते व त्यांस वाचता येत नाही. दलालाने रुमालाखाली बोटांनी भाव करणारा हात काढून कागद घेतला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा वाचला.

कुंडलिकराव म्हणाले, "हेर असतास त बरा व्हता रे. हेराला पगार तरी आसतो."

सुंदराची आत्या अंबूबाई म्हणाली, "पाखरां बगायला नळी कशाला रे? मला त कौलावरचा कावला बी दिसतो."

दुसऱ्या दिवशी साखरपुड्यात दिलेले लुगडे परत आले. खोंडाचा सौदाही मोडला, तोही अर्जदाराच्या माथी मारला आहे.

४. तरी विनंती की, अर्जदार पक्षीच पाहतो असा शिक्क्याचा दाखला मिळावा. खातरजमेसाठी साहेबांनी स्वतः पहाटे तलावावर यावे. घोंगडी आणावी. बाईसाहेबांसही सोबत आणावे, म्हणजे पुढे आपणांस असा दाखला काढावा लागणार नाही.

५. ते नियमात बसत नसल्यास अर्जदारावर हेरगिरीचा आरोप पुन्हा ठेवावा. थोडी कैदही चालेल, मात्र वार्षिक परीक्षेनंतर. कुंडलिकराव सुंदरासाठी दुसरे स्थळ पाहत आहेत, म्हणून त्वरा व्हावी.

कोणत्याही एका गुन्ह्यास राजी असलेला,
सावळाराम धाकलू भोईर
शहापूर, ता. ८ फेब्रुवारी १९४३

सोबत : पंचनाम्याची नक्कल; लुगडे (पाहून परत व्हावे).

ता. क. : साखरपुड्याच्या दिवशी सुंदराने अर्जदारास विचारले होते की, उन्हाळा लागला की ही पाखरे कुठे जातात.