एकसष्टाचा नऊ कोणी केला

मी, लोरेटा जून स्टकी, वय त्रेपन्न, शिक्षण आठवीपर्यंत, काम वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात, राहणार डेटन, ओहायो, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. येत्या गुरुवारी पोटाचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टर एकाएकी फार गोड बोलायला लागले, म्हणून लिहून ठेवते. कोणी धाकदपटशा केलेला नाही. मला धाक घालणारा माणूस अजून डेटनात राहायला आलेला नाही.

कलम १. घरातला माझा अर्धा हिस्सा नवरा वेंडेल स्टकी याला. छत उत्तरेच्या बाजूने गळतं. सहा वर्षं तोंडाने सांगितलं, आता कायद्याने सांगते.

कलम २. बँकेत जे निघेल ते आणि शिलाई मशीन बहीण इव्हॉन हिला. मोठी कात्री पण तिलाच. नणंद पॅट्रिशियाला कात्री देऊ नये. तिने मागे याच कात्रीने पत्रा कापला होता.

कलम ३. यादी. खरं तर यासाठीच कागद काढला.

वेंडेल आणि त्याचे अकरा मित्र दर मार्चमध्ये आर्लोच्या बारमध्ये फँटसी बेसबॉलला बसतात. खरे खेळाडू आळीपाळीने निवडायचे. ते हंगामभर मैदानावर जे करतील त्यावर ज्याचा त्याचा संघ जिंकतो किंवा हरतो. कोणाला आधी उचलायचं त्याची यादी जवळ लागते. वेंडेलची यादी एकोणीस वर्षं मी करते, पहिल्यापासून तीनशेव्यापर्यंत, रेडिओ ऐकून आणि पेपरातले आकडे कापून.

कशी करते तेही लिहिते, कारण वेंडेलला येत नाही. बॅटवाल्यामागे बसून चेंडू झेलणारे चांगले कॅचर मोजकेच असतात, म्हणून बरा कॅचर लांब मैदानात उभ्या चांगल्या आउटफिल्डरच्या वर. डेन्व्हर उंचावर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, तिथले आकडे निम्मेच खरे. "जन्मात नव्हतो इतका यंदा तंदुरुस्त आहे" असं पेपरात जो सांगतो तो दहा नंबर खाली. आणि आपल्या भागातल्या संघाचा खेळाडू लाडका म्हणून वर चढवायचा नाही. या गावात सगळे इथेच बुडतात.

या यादीवर वेंडेल सात वेळा जिंकला. बारमधल्या पाटीवर त्याचं नाव सात वेळा कोरलंय. मित्र घरी जेवायला आले की मी राजमा-खिम्याची चिली ढवळत ऐकायची.

"लेका वेंडेल, डोकं आहे का यंत्र?" रस्टी विचारायचा.

"अनुभव लागतो, बाबांनो. अनुभव!"

मनात म्हटलं मिरवतोय तर मिरवू दे. ही चूक माझी, ती माझ्याच नावावर लिहावी.

मग २०१६ आलं. आपल्या भागातल्या सिनसिनाटी संघात शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळणारा लॉनी प्रूइट मी एकसष्टावा ठेवला होता. गुडघा गेलेला होता त्याचा. बारला जाताना वेंडेलने गाडीतच पेनने खोडून त्याला नववा केला. जूनमध्ये तो गुडघा पार गेला, लॉनी घरी बसला आणि वेंडेल बारा जणांत बारावा आला.

"काय रे, अनुभव कुठे गेला?" रस्टीने आमच्याच टेबलावर विचारलं.

"यादी ठीकच होती रे. लोरेटाने उतरवून काढताना आकडा चुकवला. शाळा अर्धवट, काय करणार!"

"लोरेटा, चष्मा घे बाई!"

हसले सगळे. इतक्या वर्षांत त्या यादीसाठी माझं नाव निघालं ते एकदाच, आणि असं.

कलम ४. यंदाची यादी पाकिटात बंद करून इव्हॉनकडे दिली आहे. २३ मार्चला तिने आर्लोच्या बारमध्ये जावं. वेंडेलने अकरा जणांसमोर उभं राहून म्हणावं, "सगळ्या याद्या लोरेटाने केल्या. एकसष्टाचा नऊ मी केला." एवढंच. रडू नये. माझ्याबद्दल चांगलं बोलू नये. म्हटलं तर पाकीट त्याचं. नाही म्हटलं, किंवा खोकत खोकत म्हटलं, तर इव्हॉनने पाकीट फोडून पहिली शंभर नावं सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावीत. मग दाखव म्हणावं अनुभव.

कलम ५. वकीलबाई म्हणतात हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवा. गुरुवारी मी मेले नाही तर वरचं सगळं रद्द. मग २३ तारखेला यादी घेऊन मी स्वतः जाईन आणि संघ माझ्या नावाने लावीन. वेंडेल, टाके ओले असतील, गाडी तू चालव. तिथे खुर्च्या बाराच आहेत. तू कुठे बसायचं ते तुझं तू बघ.

वाचून, समजून, पेनाने सही केली आहे.

लोरेटा जून स्टकी
डेटन, ओहायो. शुक्रवार, ८ मार्च २०१९.

साक्षीदार, दोघेही माझ्यासमोर आणि शुद्धीत:
१. ओपल ट्रिम्बल, धुलाईखाना
२. मार्व्हिन कोस्टर, धुलाईखाना