तराजू ही निशाणी

पनवेल, मंगळवार, ९ फेब्रुवारी १९५४

नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिलो, तेव्हा तराजू ही निशाणी मीच हट्टानं मागून घेतली. न्याय म्हणजे तराजू! मास्तराला आणखी काय सुचणार?

आज संध्याकाळी बाजारात आमच्या नेहमीच्या कोळणीला, हिराबाईला, पत्रक दाखवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. "तराजू तं वान्याचा हाय, मास्तर. आमी मावरा वाट्यानं इकतो. तराजूवाल्यानं आमाला कवा पुरं मापून दिलंय?"

खरंच की. तिच्यापुढे पाटीवर मांदेलीचे वाटे मांडलेले, तराजू कुठेच नाही. वीस वर्षं तिची मासळी खातोय, आणि हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? आता कोणत्या तोंडानं मत मागायचं? गुपचूप एक वाटा घेतला. तिनं वर आणखी मूठभर मांदेली टाकली.

त्या मुठीनं जरा धीर आला. घरी आल्यावर हिला म्हटलं, "हिराबाईचं मत मिळालं बहुतेक. मूठभर जास्त टाकली."

ही मासळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती रोजच टाकते. तुम्ही आज पाहिलंत."