सटवाईपुढे ठेवलेला रिकामा पेन

प्रिय अक्का,

सकाळी दाजी इंदापूरला येऊन गेले. चहा प्यायले, उसाच्या तोडीचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, "पाव्हणं, शेवटचं तुमच्याशीच बोलली ती. काय म्हणली?" मी म्हणालो, "काही नाही. पाणी मागितलं." तुझा नवरा मान हलवून निघून गेला. मी चक्क खोटं बोललो गं! म्हणून हे पत्र. तुला वाचता येत नव्हतं, पण आता त्यानं काय फरक पडतो?

आबांनी मेंढरं विकून कळंबला ऊस लावला, तोवर तुझं शाळेचं वय उलटून गेलं होतं. मेंढरांमागं तू फिरलीस आणि बारामतीला कॉलेजात मी गेलो. बी.एस्सी. झालो, हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झालो आणि डोक्यात हवा गेली. जगात विनाकारण काही घडत नाही, हे माझं पालुपद. वर्गातल्या पोरांना तर सांगायचोच, एस.टी.त शेजारी बसलेल्यालाही सोडायचो नाही.

त्याच वर्षी तू बाळंतपणाला माहेरी आलीस. लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगा! पाचवीला आईनं पाटा-वरवंटा पुजला, त्यावर कोरा कागद ठेवला आणि मला म्हणाली, "तुझा प्येन ठेव. सटवाई नशीब लिवाया येती. मास्तरच्या प्येनानं चांगलंच लिवंल." मी ठेवला. पण सगळ्यांची पाठ फिरल्यावर त्यातली रिफील काढून खिशात टाकली. माझा प्रयोग! बारशाला सगळ्यांसमोर ती दाखवायची आणि विचारायचं, पेन तर रिकामा होता, मग सटवाईनं लिहिलं कशानं? आबांचा चेहरा कसा होईल, या विचारानं मी एकटाच हसत होतो. दुसऱ्या दिवशी ती रिफील कुठंतरी पडली, केवढी शोधली मी!

बारसं झालंच नाही. नवव्या दिवशी सकाळी बाळ हललं नाही. ना ताप, ना खोकला. आदल्या संध्याकाळी पोटभर प्यायलेलं पोर! बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी. कारण सांगता येत नाही." मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. कारण नाही म्हणजे काय? आबांनी मला ओढून बाहेर नेलं.

तू रडलीस कमी, विचारायलाच जास्त लागलीस. "नऊ दिसांसाठी आलाच कशापायी त्यो?" हा पहिला प्रश्न. मग तो वाढतच गेला. एकदा भाकरी थापता थापता म्हणालीस, "त्याचं ऱ्हाऊ दे. आपुन तरी हितं कशापायी हाय? कायबी नसतं तर चाललं असतं की! कुनाचं अडलं हुतं?" मी हसलो होतो.

गणपती दूध पितो म्हणून अख्खं वडगाव देवळात लोटलं होतं, तो दिवस आठवतो? मी नेमका तुझ्या सासरी आलो होतो. देवळाच्या पायरीवर चमचा घेऊन उभा राहिलो आणि पृष्ठताण समजावून सांगितला. लोकांनी शिव्या घातल्या. तुला मात्र लगेच पटलं. गोठ्यात धार काढता काढता म्हणालीस, "दुधाचं कळलं मला. आता दूध हाय कशापायी आन दगूड हाय कशापायी, तेवढं सांग."

मी विश्वाच्या स्फोटाचं सांगितलं. "फुटायच्या आधी काय हुतं?" काहीच नव्हतं, म्हणालो. "मग फुटलं काय?" मी चिडलो. "अडाण्यांना नाही कळायचं ते!" असं म्हणालो तुला. तुझ्या जिवावर शिकलेला मी! तू गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. त्या शब्दाची माफी मी कधीच मागितली नाही, अक्का. आज मागतो. काय उपयोग?

त्यानंतर मी पुस्तकं धुंडाळली, हे तुला कधी सांगितलं नाही. सगळी पुस्तकं कसं झालं ते सांगतात. एका कारणाखाली दुसरं, त्याच्याखाली तिसरं, आणि खाली हात घालत जावं तर तळ लागतच नाही. मुळात काही आहेच का, तिथं सगळे गप्प. देवाचं नाव घेणारेही तिथंच थांबतात. देव आहे म्हणावं, तर तो तरी कशापायी आहे?

यंदा तुझ्या किडन्या गेल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. एका दुपारी दाजी औषधं आणायला खाली गेले होते आणि सात वर्षं गिळून ठेवलेलं मी ओकून टाकलं. रिफीलचं.

"म्हाईत हाय," तू म्हणालीस. "दुसऱ्या दिशी माज्या बाजंखालीच घावली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्यावर राग धरून बघितला. लई बघितला. निदान प्वार कशानं गेलं ते तरी कळलं असतं. पर न्हाय बसला राग. एवढ्याशा कांडीनं मरतंय व्हय कुनी?" थोडा दम घेतलास. "मग कशानं गेलं रं, सुदाम?"

मी तुझं पांघरूण सारखं केलं.

"कळंल का कदी कुनाला? ह्ये सगळं कशापायी हाय ते?"

मी तुझा हात धरला आणि म्हणालो, "कळेल अक्का. आज ना उद्या नक्की कळेल."

तू हात सोडवून घेतलास. "तूबी देवरुष्यावानी बोलाया लागलास," एवढंच म्हणालीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. पुढं चार दिवस होतीस, पण कुणाशी एक शब्द बोलली नाहीस.

एवढी का गं चिडलीस? जाणाऱ्या माणसाला सगळेच काहीबाही सांगतात. नर्स म्हणायची, सोमवारी घरी सोडू. दाजी म्हणायचे, नवी गाय घेऊ. त्यांचं तू हसून ऐकून घेतलंस. माझ्याकडून तेवढं खरं हवं होतं तुला, आणि मी नेमका तिथंच कच खाल्ली.

उद्या मी वडगावला जाणार आहे. दाजींना रिफीलचं सांगेन, तुझे शेवटचे शब्दही सांगेन. मारतील तर मारू देत. पण ते विचारणारच, "मग आमचं पोरगं कशानं गेलं?" तेव्हा मी डॉक्टरच्या, देवाच्या, विज्ञानाच्या, कुणाच्याच आडोशाला जाणार नाही. माहीत नाही म्हणेन. कधी कुणाला कळेल असं वाटतही नाही म्हणेन. त्यांनी पाठ फिरवली, तरी दुसरं काही बोलणार नाही. हा शब्द देतो तुला, उशिरा का होईना.

तुझा धाकटा,
सुदाम