चिंचेवरची पिलं

आदरणीय वानखडे सर,

तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या घरी आले होते, पण काकूंना लांबूनच पाहून परतले. आज लिहायला बसले, कारण परवा बगळे आले होते. तळ्याकडून आले, बसस्टँडवर दोन-तीन घिरट्या घातल्या आणि निघून गेले. शाळेतल्या चौथीच्या पोरींनी मला विचारलं, "सरपंचबाई, बगळे थांबले काहून नाही?"

"मले नाही माहीत," मी म्हटलं. सर, मी खोटं बोलले.

चौथीत तुम्ही आम्हाला त्याच बसस्टँडवरच्या चिंचेखाली बसवायचात. कोणत्या फांदीवर बगळ्यांची किती घरटी, ते वहीत लिहून घ्यायचात. गायबगळा आणि ढोकरी मला आजही लांबून ओळखू येतात. मग माझंच शिक्षण असं वाया कसं गेलं?

गेल्या पावसाळ्यात महागावचा रस्ता रुंद करायला निघाला आणि चिंच आडवी आली. तुम्ही काठी टेकत ग्रामपंचायतीत आलात.

"प्रमिला, तोडू नको म्हणत नाही मी. दोन मह्यने थांब. पिलं उडून जाऊ दे."

"सर, मशीन आली आता. परत गेली तं रस्ता पुन्हा लटकते."

असं म्हणून मी तुमच्यासमोरच झाड तोडायच्या कागदावर सही केली. आता खरं सांगते, थांबता आलं असतं. ठेकेदाराची काही हरकत नव्हती. पण झाडाखाली कपडे घाण होतात म्हणून लोक रोज तक्रार करायचे. म्हाताऱ्या मास्तरांचं ऐकून बाई मागे हटली, असं कोणी म्हणेल याची मला भीती वाटली. बस, एवढंच कारण.

झाड पडलं तेव्हा पिलं चिखलात विखुरली. काहींना पिसंही फुटली नव्हती. तुम्ही ती टोपल्यात गोळा करून घरी नेलीत, तळ्यातले बारके मासे आणून भरवत राहिलात. मला दोनदा निरोप पाठवलात, "एकदा येऊन पाहून जा." मी आले नाही.

काकू सांगतात, चारच जगली. ती तळ्यावर सोडायला अख्खी शाळा तुमच्यासोबत गेली होती. मी घरीच बसून राहिले.

तुम्ही मला रागावलात का नाही, सर? रागावला असतात तर माफी मागायला तरी आले असते. हिवाळ्यात तुम्ही गेलात आणि ते राहूनच गेलं.

तळ्याच्या पाळीवर अजून दोन मोठी झाडं आहेत. घरट्यांत पिलं असतील तोवर गावातलं एकही झाड तोडायचं नाही, असा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. लोक मान्य करतील की नाही, सांगता येत नाही. पण त्याआधी, सोमवारीच, मी चौथीच्या वर्गात जाणार आहे. बगळे का थांबले नाहीत, ते त्या पोरींना सांगेन. सही कोणाची होती, तेही सांगेन.

तुमची विद्यार्थिनी,
प्रमिला