वेशीत फळा लागणारच

उंबरवाडी गावठाण, पुणे शहर
(हो, आता शहर. घरपट्टीच्या बिलावर तसं छापून येतं.)

आदरणीय दादा यांस,

कांताचा सप्रेम जयभीम. (आदरणीय लिहिलं आहे, कारण तुझं पत्र आधी दीक्षा सूनबाई वाचते आणि मग तुला देते. तिच्यासमोर तुझा मान राहावा.) तुझा गुडघा कसा आहे? येरवड्याच्या त्या जिन्याला अजून कठडा बसवला की नाही? कानाचं यंत्र खणातच असणार, कारण परवा फोनवर मी इथलं सगळं रामायण सांगितलं आणि शेवटी तू "बरं, पोचलीस की कळव" म्हणालास. मी कुठेही निघाले नव्हते. म्हणून हे पत्र. माझी तब्येत ठणठणीत आहे, रक्तदाब गोळीने आणि राग मी स्वतः ताब्यात ठेवला आहे. माझं तुझ्याकडे काहीही काम नाही, हे आधीच सांगून ठेवते. सहज लिहिते आहे.

तर बातमी अशी की आपलं गाव ऐतिहासिक झालं. आपण लहान होतो तेव्हा ते नुसतंच जुनं होतं. पडकी वेस, तिच्याजवळचा तो शेंदूर फासलेला उभा दगड, आणि चावडीच्या भिंतीतली गंजलेली टपालपेटी, एवढ्या भांडवलावर गावाची वारसा समिती निघाली. अध्यक्ष कोण? भैरूअण्णांचा विक्रम. (प्लॉट विकता विकता त्याला वारशाचं प्रेम उत्पन्न झालं.) समितीने शहरातून अनिरुद्ध नावाचा एक वास्तुरचनाकार आणला. पोरगा सभ्य आहे, मला "अहो काकू, आपण" करतो, खादीचा झब्बा घालतो आणि कोणत्याही भिंतीवरून इतक्या मायेने हात फिरवतो की भिंतीच्या मालकाला संकोच वाटावा. त्याने टपालपेटी घासून लालभडक केली, वर कौलांचं छप्पर केलं. रविवारी बूट घातलेली माणसं येतात, वेस बघतात, पेटी बघतात आणि सरुबाईच्या गोवऱ्यांचे फोटो काढतात. (सरुबाई म्हणजे विक्रमची आई. ती फोटोसाठी नवं लुगडं नेसून गोवऱ्या थापायला बसते.) अनिरुद्धचं म्हणणं, गावाचं मूळ रूप परत आणायचं. मी त्याला विचारलं, बाळा, मूळ रूप म्हणजे किती मागे जायचं? फार मागे गेलास तर आमच्या आळीला वेशीच्या आत यायला बंदी होती. तेवढं मूळ रूप मला नको आहे. तो कानापर्यंत लाल झाला, आणि तेव्हापासून मला तो आवडायला लागला.

आता भांडणाकडे येते. गेल्या साली पाणी खात्याची माणसं गावात घरोघरी नळ देण्याचे अर्ज घ्यायला येऊन बसली होती. आधी निरोप आला विक्रमकडे. विक्रमने तो देवळाच्या पायरीवर सांगितला, चहाच्या टपरीवर सांगितला आणि मोबाईलवरच्या "उंबरवाडी आपला अभिमान" या गटात टाकला. (आमच्या आळीला अभिमान आहे, गटात मात्र कुणी घेतलेलं नाही.) आम्हाला कळलं ते रस्ता खणायला लागले तेव्हा. पाइप आला, आला आणि आमच्या आळीच्या तोंडाशी येऊन थांबला, जणू त्यालाही कुणीतरी आत जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी विक्रमला जाब विचारायला गेले. तर तो मोबाईलमधून मानही वर न काढता म्हणाला, "आत्या, सगळ्यांना सांगितलं होतं की." दादा, खरं सांगते, पाण्यापेक्षा मला त्या शब्दाने झोंबलं. सगळ्यांना. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता रे! त्याच्या डोक्यातले सगळे जेवढे होते, त्या सगळ्यांना त्याने सांगितलंच होतं. घरी येऊन दार लावलं आणि रडले. मग तोंड धुवायला गेले तर बादलीत पाणी नव्हतं. तेव्हा रडणं थांबलं आणि संताप सुरू झाला, तो अजून चालू आहे.

तू जाणतोस, मी जन्म सरकारी कचेरीत काढला, आणि त्यातली बरीच वर्षं सूचना फलक माझ्या ताब्यात होता. काचेचं दार, त्याला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. (साहेब बदलले, किल्ली बदलली नाही.) त्या फलकाचा एकच नियम होता. कागद लागला की जगाला कळलं असं सरकार धरतं, आणि नाही लागला तर प्रत्यक्ष साहेबांनी कानात सांगितलं तरी कुणाला काही कळलेलं नाही. म्हणून मी समितीला अर्ज दिला की वेशीत, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर एक काळा फळा लावावा. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कुठलं शिबिर, कुणाचा अंत्यविधी, कुणाची शेळी हरवली, सगळं त्यावर. समितीचं उत्तर आलं की फळ्याने ऐतिहासिक वेशीचं सौंदर्य बिघडेल. आणि हे उत्तर मला कुठे उभं करून सांगितलं? विक्रमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली! तो फ्लेक्स वेशीच्या कमानीला अजून लटकतो आहे. उन्हाने त्यावरचे सगळे चेहरे उडाले, नुसता काळा गॉगल आणि सोन्याची साखळी उरली. मी वर बोट दाखवलं तर म्हणे, ते तात्पुरतं आहे. मग मधला मार्ग म्हणून सुचवलं, आत्या, फळा तुमच्या आळीत लावा, खर्च समिती करेल. म्हणजे आम्ही आमच्या आळीत आम्हालाच सांगायचं की आम्हाला काही कळलेलं नाही! मी म्हटलं, फळा वेशीतच लागणार. तुमची कमान सुंदर दिसो की न दिसो.

शेवटी निर्णयासाठी सभा ठरली. सभेची सूचना कुठे लागली? कुठेच नाही, कारण लावायला फळा नव्हता. मला ती पिठाच्या गिरणीत सरुबाईकडून कळली. तिचं माझं तसं सख्य नाही, पण ज्वारी दळून होईपर्यंत दोन बायकांना काहीतरी बोलावंच लागतं. मी आळीतल्या सगळ्या बायका घेऊन गेले. (सभा देवळाच्या मंडपात होती. आम्ही चपला बाहेर काढल्या आणि मुद्दे आत नेले.) विक्रमने फळ्यामुळे गावात राजकारण कसं शिरेल यावर भाषण केलं. ते चालू असताना त्याचा मोबाईल चार वेळा वाजला आणि प्रत्येक वेळी तो राजकारणावरच बोलला. मग अनिरुद्ध उठला. त्याचं म्हणणं वेगळं होतं. वेशीतला तो शेंदऱ्या दगड फार मौल्यवान आहे, त्याच्या शेजारी फळा शोभणार नाही. त्याने दगडावरचे शेंदराचे थर हलक्या हाताने काढून घेतले होते, खाली अक्षरं निघाली होती आणि कुणा जाणकाराकडून त्याने ती वाचूनही आणली होती.

तो दगड तुला आठवतोच. सगळं गाव त्याला वेशीची आई म्हणायचं. छप्पन सालानंतर आपल्या घराने त्याच्यापुढे हात जोडले नाहीत, पण गावात नवी जोडपी आधी तिथे नेतात, ओटी भरतात, नारळ फोडतात. विक्रमची वरातही तिथे थांबली होती. सरुबाईने तर आयुष्यभर दर मंगळवारी त्याला तेल घातलं. तर अनिरुद्धने कागद काढून मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. वर चंद्र आणि सूर्य आहेत, म्हणजे ते असेपर्यंत ही आज्ञा चालावी. गावच्या विहिरीसाठी अमुक जमीन दिली आहे. ती कुणी बळकावू नये. जो कोणी बळकावील, त्याच्या आईला... आणि पोरगा थांबला. पाणी प्यायला. आम्ही म्हटलं, वाच की. तो म्हणाला, काकू, पुढे गाढवाचा उल्लेख आहे. दादा, पुढचं मी लिहीत नाही, पत्र दीक्षा वाचते. पण दगडाच्या तळाशी जे चित्र आहे, ज्याला सगळे आईचं वाहन समजून हळद लावत होते, ते वाहन नाही. आणि त्या गाढवाचा हेतू चांगला नाही.

मंडपात हळूहळू एकेका जोडप्याने एकमेकांकडे बघायला सुरुवात केली. मी उभी राहिले. विचारलं, म्हणजे ही देवी नाही? अनिरुद्ध म्हणाला, नाही, राजाची जाहीर सूचना आहे. मी विचारलं, वेशीत का लावली? तो बिचारा खरं बोलणारा. म्हणाला, "सगळ्यांना दिसावी म्हणून, काकू." आणि म्हणताना त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. मी म्हटलं, मग तुमचा वारसा म्हणजेच सूचना फलक आहे. मी गावाचं मूळ रूपच परत मागते आहे. फक्त माझ्या फळ्यावर एक सुधारणा करीन. जमीन बळकावणार बाप्या, आणि शिक्षा त्याच्या आईला, हे मला मान्य नाही. ज्याचा गुन्हा त्याचं गाढव त्याने बघावं.

त्यावर सरुबाई उठली. मला वाटलं, आता ही मला धुऊन काढणार, हिची देवी गेली. पण ती लेकाकडे वळली. "विक्रम, म्या जल्मभर तेल घातलं ह्या शिवीला. का? तर कुनाला वाचता येत न्हवतं, आन ज्याला येत व्हतं त्यानं सांगितलं न्हाई. आता लाव फळा. मला न्हाई वाचता येत, पर ही कांता वाचून दावंल." मग जरा दम घेऊन म्हणाली, "आन नळाचं सगळ्यांना सांगितलं म्हनतोस. मला कुटं सांगितलंवतं? माज्या मागच्या खोलीत अजून कळशीच हाय." दादा, विक्रमचं तोंड त्याच्या फ्लेक्ससारखं झालं, नुसता गॉगल उरला. हात वर झाले. फळा मंजूर झाला, प्रायोगिक तत्त्वावर. (सरकारी नोकरीत प्रायोगिक तत्त्वावर आलेली एकही गोष्ट मी निवृत्त होताना पाहिली नाही. माणसंच होतात.)

एवढंच सांगायचं होतं. घरातल्या मोठ्यांना जयभीम, लहानांना गोड पापा, दीक्षाला हे पत्र वाचल्याबद्दल आभार. गुडघ्याला शेक दे. मी हे पत्र आपल्या ऐतिहासिक पेटीत टाकायला निघाले आहे, उद्यापरवा मिळेल.

तुझी बहीण,
कांता

ता. क. दिवाळी आली. हे पत्र मी पावसाळ्याच्या तोंडाशी टाकलं होतं. आज अनिरुद्धने रंग द्यायला पेटी उघडली, तेव्हा आत माझं पत्र, कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण (त्यांच्याकडे आता बारसं आहे) आणि एक पाल निघाली. पेटी हा वारसा आहे, त्यातलं टपाल कुणी नेत नाही, हे त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. त्याच्याकडून मी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. उत्तर नाही म्हणून इतके महिने मी तुझ्यावर रागावले होते, तो राग मागे घेते. हे आता कुरियरने पाठवते आहे.

ता. क. दुसरा. फळ्यावर पहिली सूचना मी लिहिली. पाणी खात्यात खेटे घालून नव्या अर्जांची तारीख आणली होती, तीच. आमची सबंध आळी रांगेत होती, आणि गावठाणातलीही कितीतरी घरं, ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सरुबाई सगळ्यांत पुढे. नळ आला, दादा. पहिल्या दिवशी मी तो उघडून नुसती बघत उभी राहिले, भांडं लावायचंही सुचलं नाही. आई असायला हवी होती.

ता. क. तिसरा, आणि हा दीक्षाने दादाला मोठ्याने वाचून दाखवावा. फळ्याचं शीर्षक मी रंगवलं ते उताराला लागल्यासारखं दिसतं. तू जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, तर रविवारी ब्रश घेऊन ये. आणि येताना टाकीत बसवायचा बॉलकॉक आण, पितळेचा, पाणी भरलं की आपोआप बंद करणारा. कारण काल सकाळी फळ्यावर कुणीतरी लिहिलं, "कांताबाईंची टाकी रोज भरून वाहते, पाणी रस्त्यावर जाते. गावाने याची नोंद घ्यावी." अक्षर विक्रमचं आहे. मजकूर खरा आहे. डस्टर माझ्या पर्समध्येच होतं, हातातही घेतलं होतं. पण पुसलं नाही. सरुबाईने मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. आता गावठाणात, आमच्या आळीत, टपरीवर, गिरणीत, सगळ्यांना कळलं आहे. या वेळी खरोखर सगळ्यांना.