दोन्ही बाह्या डाव्या

तीर्थरूप मामांना,

इकडून वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो, तर खिशातलं पेन कॉटखाली गेलं. ते शोधताना हरवलेला मोजा सापडला, आणि तो धुऊन वाळत घालून येईपर्यंत पत्राचा पहिला दिवस संपला.) गुडघे कसे आहेत? शिलाई मशीनला मोटार बसवलीत की पायानेच हाणायचा हट्ट चालू आहे? सुईत दोरा मामी ओवून देत असतील तर एकदा डोळे तपासून घ्या, त्यात लाजायचं काय. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणजे याला काहीतरी हवं असणार, असं तुम्ही मामींना म्हणाला असाल. तसं काही नाही. नुसती खुशाली कळवतोय.

मी आता मोठ्या लाँड्रीत आहे. हॉस्पिटलच्या चादरी धुऊन येतात आणि तुमच्या दुकानाएवढ्या लांब दोन गरम रुळांमधून इस्त्री होऊन निघतात. चादर अडकली की समोरच्या काकू ती ओढून काढतात. तेवढा वेळ मी लाल बटणापाशी उभं राहायचं, काही झालंच तर दाबून मशीन थांबवायचं. यात चुकायला जागा कुठे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. दोन महिन्यांपूर्वी काकू चादर काढत होत्या आणि मागे एक पाइप शिट्टी मारायला लागला. शिट्टी कुठून येते ते बघायला मी गेलो. मी गेलोय हे मला पाइपपाशी पोचल्यावर कळलं. तोवर काकूंच्या ॲप्रनची नाडी रुळात गेली होती. तिसऱ्याच माणसाने धावत येऊन बटण दाबलं. काकूंना काही झालं नाही. त्या मला बोलल्याही नाहीत, नाडी कापली आणि पुढची चादर घेतली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मामा.

मग मुकादमबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "कामचुकार नाहीस रे तू. पण तू बटणापाशी नसतोस. डॉक्टरला दाखव, कागद आण. नाहीतर मला तुला मशीनवर ठेवता येणार नाही." आमच्याकडे मशीनवर नाही म्हणजे घरी.

माझ्या खोलीत राहणारा लाँड्रीचा गाडीवाला म्हणाला, याला एडीएचडी म्हणतात, लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, मोबाईलमधल्या एआयला विचार, त्याला सगळं येतं. (गाडीवाल्याच्या मते मोबाईलला सगळं येतं आणि उरलेलं त्याला स्वतःला.) मोबाईलवर अक्षरं शोधत बसणं मला जमत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गाठोड्यांत बसून बोलूनच विचारलं. त्याने बारा मुद्दे दिले. ज्याचं लक्ष टिकत नाही त्याला बारा मुद्दे! तिसऱ्या मुद्द्यावर मी खिडकीची कडी नीट करायला उठलो. थोडक्यात सांग म्हटलं, तर पाच आले. अजून थोडक्यात, तर एकच ओळ: डॉक्टरांना भेटा. एवढं तर मुकादमबाईही म्हणाल्या होत्या.

पण मी सोडतो थोडाच. माझं सगळं सांगितलं, तर म्हणे, असू शकतं. गाडीवाल्याचं सांगितलं, त्यालाही असू शकतं. मुकादमबाईंचं सांगितलं, त्यांनाही. (त्यांना कळवलं नाही. कागद त्यांच्याच हातात द्यायचाय.) मग परीक्षा बघायची म्हणून स्वतःबद्दल फक्त चांगलं सांगितलं, तर फारशी लक्षणं दिसत नाहीत म्हणालं. तेव्हा तुमची आठवण झाली. तुम्ही गिऱ्हाइकाला स्वतःचं माप स्वतः घेऊ द्यायचा नाहीत. टेप बघायला मान खाली घातली की खांदा उचलला जातो, माप खोटं येतं, म्हणायचात. ही वस्तू हुशार आहे मामा, पण दिलेल्या मापावर कापते. आणि माप देणारा मीच, खांदा उचलून.

म्हणून एक आगाऊपणा केला. रागावू नका. तुम्ही होऊन बोललो. म्हटलं, मी शिंपी, हा माझा आईवेगळा भाचा, लहानपणापासून माझ्याच घरी, बुडाला भिंगरी लागलेला गाढव, काज करायला बसवला तर गल्लीत सापडतो, पोस्टमास्तरांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या म्हणून मी याला हाकललं, हा आळशी आहे की याला काही झालंय? एकही गोड शब्द मी तुमच्या तोंडी घातला नव्हता. त्याने उत्तर दिलं, तुम्हाला भाच्याची फार काळजी वाटते हे जाणवतं. आणि पुढे, त्याला एका वेळी थोडंच काम देऊन बघा. मला तुमची काडेपेटी आठवली. दुकानातल्या बाकी पोरांना लावायला बटणांचा अख्खा डबा मिळायचा, मला काडेपेटीत मोजून पाच बटणं. मी तो अपमान समजत होतो. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मी गाठोड्यावर तसाच. मुकादमबाई बघायला आल्या, बरं वाटत नाही का म्हणून. मी स्वस्थ बसलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते हसले नाहीत. मोबाईलने सांगितलेलं सगळंच चूक नाही, पण त्यावरून कोणाला काय झालंय ते ठरत नाही, म्हणाले. बारा वर्षांच्या आत तू कसा होतास, हे बघितलेलं माणूस हवं. आई नाही, शाळेने मला विसरून बरीच वर्षं झाली. बघू, कोणीतरी सापडेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मामींना नमस्कार, दुकानाच्या पायरीलाही.

तुमचा भाचा,
भिंगरी

ता. क. सोबत डॉक्टरांचा फॉर्म आहे, आठ प्रश्नांचा. तेवढा भरून द्याल का? पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेच्या आत इथे पोचायला हवा. मामी म्हणतील पोराबद्दल बरं लिहा. तसं करू नका. दिसलं तेच लिहा, शिव्यांसकट.

ता. क. दुसरा. दोन्ही बाह्या डाव्या आहेत हे मला इस्त्री करतानाच दिसलं होतं. उसवायला बसवेना, म्हणून गप्प राहिलो, आणि पोस्टमास्तरांनी कोट घालून बघितला तेव्हा तुम्हाला म्हणालो, तुमचंच कापताना चुकलं असेल. तुम्ही गिऱ्हाइकासमोर चष्मा पुसत राहिलात. यातलं आजाराचं किती आणि माझं किती, ते मी मोबाईलला विचारलं नाही. तो माझ्या बाजूने बोलला असता. हेही फॉर्ममध्ये घाला.

ता. क. तिसरा, हा पाकिटावरच लिहितोय. पाकीट चिकटवल्यावर फॉर्म गादीवर दिसला. पाकीट फोडून आत घातला आणि परत चिकटवलं, असं मला पक्कं आठवतंय. तरी आत नसेलच, तर साध्या कागदावर लिहा, आणि सुरुवात तिथूनच करा.