पांढऱ्या पेटुनियाची भेसळ

मुठा,
ता. १८ नोव्हेंबर २००४

चि. सौ. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद. हितं समदी बरी हायेत. तुमीबी बरी असाल असं धरून चालतो, कारण तुज्याकडनं कळायचा रस्ता तूच बंद केलाईस.

भात झोडून झालं. आईचे गुडघे तसेच, तोंड मातुर ठणठणीत. भाऊबीजंला दाराकडं बघत बसली आन् दिवसभर माज्यावर राग काढला. चार वर्सं झाली तुला येऊन. विलासरावांची शिरवळची नोकरी कशी हाय? भूगावला एवढ्या इमारती झाल्यात की तुला रस्ता वळखू यायचा न्हाई.

असलं लिहीत बसलो तर कागद संपंल. मुद्द्याचं लिहितो.

आपल्या पिरंगुटच्या पॉलिहाऊसात आता साहेबांच्या जागी ज्ञानदा मॅडम आल्यात. वयानं तुज्यायेवढ्या, पण लई खमक्या. साहेबांनी जांभळ्या रंगाचं जनुक जादा घातलेली ती पेटुनिया त्यांनी जुन्या बियापासनं परत लावली. गेल्या आठवड्यात फुलली. शंभरात चाळीस पांढरीफेक! मी सवयीनं उपटायला वाकलो, तर बाई केवढ्यांदा वरडल्या, "जयसिंग, हात लावाल तर खबरदार! हाच तर प्रयोग आहे!"

मग स्टुलावर बसवून सांगितलं. फुलात रंग आयता भरलेला नसतो. एकामागनं एक एन्झाइम तो करत जातं, एकाचं काम झालं की दुसऱ्याचं, शेवटी जांभळा. त्यातल्या एका एन्झाइमचं जनुक आपण जादा घातलं. रंग गडद व्हायचा, तर झाडानं जादाचंबी बंद पाडलं आन् सोताचंबी. ते एक अडलं की रंग व्हतच न्हाई.

"पांढरं फूल बघूनच कळतं ते एन्झाइम कशासाठी आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंजी भेसळ न्हाई ती?"

"कसली भेसळ, जयसिंग? याच झाडाचं आहे ते."



शुभे, तुज्या येळंला अशीच पांढरी फुलं आली तवा साहेबांपुढं मी काय बोललो ते तू इसरली नसशील. "बी पेरायला शुभांगी हुती. फाटकापाशी बागंत पांढरी पेटुनिया हाय, तिचं बी हिनंच मिसळलं असणार." तू रडत म्हणालीस, "दादा, मी ट्रे सोडून कुटं गेले न्हाई, तू बघत हुतास." मी मान खाली घातली. तुजं काम सुटलं. बायका तुला भेसळवाली म्हणाया लागल्या, आन् तुमी बिऱ्हाड हलवलं.

आता तू म्हणशील, दादाला तवा कळलं न्हाई, आता कळलं. तसं समजू नगंस. तसं असतं तर दोन ओळीत माफी मागून मोकळा झालो असतो.

तू कामाला लागायच्या आदल्या साली पयली लावण झाली. तवाबी पांढरी आली हुती. बारा झाडं. आपुन बियाण्याच्या प्लॉटात वाढलेली माणसं. येगळ्या रंगाचं झाड दिसलं की साहेब यायच्या आत उपटायचं, हे हाताला लहानपणापासनं लागलेलं. मी उपटली, पुरली, वहीत "मर रोग लागला" असं लिवलं. साहेबांना एकबी दिसलं न्हाई.

दुसऱ्या साली त्यांनी सोताच्या डोळ्यांनी बघितली. तवा खरं बोललो असतो तर ती बारा झाडं बाहेर निघाली असती. माजी कायम व्हायची ऑर्डर त्यांच्या टेबलावर हुती. म्हणून तुजं नाव घेतलं. तू काय मिसळलं न्हाईस, हे मला तवाच पक्कं ठाऊक हुतं.

ती बारा झाडं दिसली असती तर साहेबांना तवाच उलगडा झाला असता, असं मॅडम म्हणतात. त्यांचा प्रयोग मी बुडवला, आन् तुजं नाव. प्रयोग तरी परत लावता आला.

काल समदं लिहून सहीनिशी मॅडमना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "बहिणीला सांगितलंत?" न्हाई म्हणालो. "मग आधी तिकडं लिहा." नोकरीचं काय व्हायचं ते व्हईल. सोमवारी पॉलिहाऊसातल्या बायकांपुढं बोलणार हाय. आईला आज सांगितलं. ती उठून आत गेली, जेवलीबी न्हाई.

माफ कर असं लिहायचं तोंड न्हाई मला. हे पत्र विलासरावांना वाचून दाखव, आन् तुज्या सासरी ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट ऐकली असंल त्यांनाबी.

तुज्यावर आळ घेणारा, आन् तो खोटा हाय हे त्याच घडीला ठाऊक असलेला,
जयसिंग